साहेबांची शाबासकी

आईचा भाऊ आणि माझे बाबा एकाच पलटणीत होते. माझ्या जन्माआधी झालेल्या डोंगरावरच्या लढाईत मामा गेला. त्याची ट्रंक घेऊन बाबा साताऱ्याकडच्या त्याच्या गावी गेले आणि पुढे त्याच घरातल्या मुलीशी, म्हणजे आईशी, त्यांचं लग्न झालं. आई ही गोष्ट कुणालाही सांगायची. "माझा भाऊ ह्यांच्या मांडीवर गेला. एका गोळीत. त्रास नाही झाला त्याला." सीवूड्समधल्या आमच्या सोसायटीतल्या बायकांना ती पाठ झाली होती.

गेल्या वर्षी नेरुळच्या एका हॉलमध्ये त्या लढाईतल्या जवानांचा सत्कार होता. लढाईत पलटणीचे कमांडर असलेले साहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. बाबा हवालदार म्हणून निवृत्त होऊन न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात सिक्युरिटीचं काम बघत होते. त्यांनी सुट्टी टाकली, ब्लेझरला मेडलं लावली. आई नवी साडी नेसली. आम्ही तिघं दुसऱ्या रांगेत बसलो.

साहेब म्हातारे झाले होते, पण आवाज खणखणीत होता. "माझ्या पोरांनी काय केलंय ते बातम्यांत आलं नाही," ते म्हणाले. "मी सांगतो." एकेकाला उभं करून ते सांगत होते, टाळ्या पडत होत्या. मग त्यांनी बाबांकडे बोट दाखवलं.

"हा माझा वाघ! शत्रूच्या बंकरखालच्या उतारावर आम्ही दाट धुक्यात पडून होतो. खोकलासुद्धा ऐकू गेला असता. तेवढ्यात ह्याच्या जोडीदाराच्या पोटात तोफगोळ्याचा स्प्लिंटर घुसला." साहेबांनी मामाचं नाव घेतलं. "तो कण्हायला लागला. ह्याने काय केलं? त्याच्या तोंडावर हात दाबला. तो हातपाय झाडत होता, पण ह्याने हात काढला नाही. तो थंड होईपर्यंत काढला नाही! म्हणून आम्ही बंकर घेतला. याला म्हणतात शिस्त. ऊठ रे! तो हात दाखव सगळ्यांना."

बाबा उठले. हुकूम होता. त्यांनी उजवा हात वर केला.

हॉल टाळ्यांनी दणाणला. लोक मोबाईल काढून शूटिंग करत होते. मेलेल्याची बहीण समोर बसली आहे हे साहेबांना माहीत नव्हतं. आई मांडीवर पर्स धरून बसली होती. ती रडली नाही.

घरी आल्यावर तिने कुकर लावला, आम्हाला वाढलं. बाबांनी पहिला घास घेतला तेव्हा तिने विचारलं, "डोळे उघडे होते त्याचे?"

"हो," बाबा म्हणाले.

"तुमच्याकडे बघत होता?"

"हो."

मग ते रोजचंच झालं. मेथी निवडताना, कपडे वाळत घालताना, आई एखादा प्रश्न विचारायची. आवाज चढवायची नाही. बाबा टाळायचे नाहीत.

"चावला का तुम्हाला?"

बाबांच्या अंगठ्याखाली एक व्रण आहे. काटेरी तार लागली, असं ते आम्हाला सांगत. "चावला," ते म्हणाले.

"हात काढला असता तर वाचला असता?"

"आम्ही सगळे मेलो असतो."

"तुमचं नाही विचारलं."

"कदाचित," बाबा म्हणाले.

मी एकदा आईला म्हटलं, "बास कर गं, मरतील ते अशाने." ती म्हणाली, "मरू नाही देणार. अजून पुष्कळ विचारायचंय."

एका रविवारी तिने विचारलं, "ट्रंक घेऊन घरी आलात तेव्हा खोटं का बोललात?"

"खरंच सांगायला आलो होतो. तुझ्या आईने चहा दिला, तोंडावरून हात फिरवला. मग सांगता आलं नाही."

आईने हातातलं काम खाली ठेवलं. इतकी वर्षं शहरात राहूनही रागावली की तिची गावची बोली वर येते. "सांगायला आला हुतास, आन् लगीन करून गेलास."

तिने बाबांना 'तू' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून ती 'तू'च म्हणते, पाहुण्यांसमोर, वॉचमनसमोर. नातेवाईक दचकतात. बाबा 'हो' म्हणतात.

तिचे प्रश्न मात्र त्या दिवशी थांबले. बाबांना तिचं न विचारणं जास्त जड जातं. जेवताना ते मधेच थांबून तिच्याकडे बघतात. ती भाजी वाढते आणि उठून जाते.

या महिन्यात साहेबांचा फोन आला. यंदा पुण्यात कार्यक्रम आहे, यायचंच. बाबा "जी साहेब" म्हणाले. मी म्हटलं, "नका ना जाऊ." ते म्हणाले, "साहेबांनी बोलावलंय."

आईने कपाटातून ब्लेझर काढला, इस्त्री केली, मेडलं कापडाने पुसून एका ओळीत लावली. मग तो त्यांच्या हातात दिला.

"जा," ती म्हणाली. "टाळ्या पडतील."