लाकूड, धातू आणि शामरावांची भिंत

धरमपेठेतल्या गिटारदुरुस्तीच्या दुकानात शामराव टेंभुर्णे यांना मी प्रथम भेटलो, तो भांडायच्या तयारीनेच. गिटार मी कुणाकडे शिकलो नाही. त्यामुळे माझी मते पक्की होती. माझ्या पोकळ अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारचा लाकडी ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, चिरला होता. आता धातूचाच बसवा, असे मी बजावले.

"बसवतो ना गा. आधी भिंतीकडे तोंड करून बस."

ही त्यांच्या दुकानाची रीत. असा ब्रिज नुसत्या तारांच्या दाबावर उभा असतो. तारा सैल केल्या की बदलता येतो. गिऱ्हाईक भिंतीकडे पाहत बसते. मागे शामराव एकदा लाकूड, एकदा धातू लावून तोच सूर वाजवतात. निवड कानांनी करायची. मी लांब टिकणारा, लख्ख सूर निवडला. तो धातूचाच निघाला!

शामराव स्वतः लाकडाचे भक्त. "तुले भांड्यांचाच आवाज आवडते राजा," हा टोमणा त्यांनी मारलाच. पण कामात कसर नाही. ब्रिजची बैठक पॉलिश पेपरवर त्यांनी इतकी घासली, की गिटारच्या फुगीर अंगावर ठेवल्यावर खालून उजेड दिसेना. पुढे दर उन्हाळ्यात त्यांचाच फोन येई: "ऊन तापून राहिलं. लाकूड सुकलं असंल, गिटार घेऊन ये."

आता आपल्या पंचाहत्तरीच्या सोहळ्यात शामराव स्वतः वाजवणार आहेत. मध्यंतरी त्यांनी मला बोलावले. त्यांचा लाकडी ब्रिज झिजला होता. समोर दोन नवे होते, एक लाकडाचा, एक धातूचा.

"वरचे सूर मले आता नीट ऐकू येत नाहीत. धातू लावला तर येतील, असं वाटते. पण जन्मभर लाकडावर वाजवलं... तू बस भिंतीकडे."

मी बसलो. एका ब्रिजवर त्यांचा हात बिचकत होता. दुसऱ्यावर तोच सूर बोलू लागला.

"हा."

तो लाकडाचा होता.

"काहून गा? तू तर धातूवाला!"

"माह्या गिटारले धातूच. तुमचा हात मात्र याच्यावरच बोलते, काका."

"अन् मलेच ऐकू नाही आलं तर?"

"ऐकाले आम्ही आहो ना."

शामरावांनी लाकडाचा ब्रिज उचलला. पॉलिश पेपर काढून त्याची बैठक घासू लागले.

त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि तो हात असाच बोलता राहो. सोहळ्यात मी पहिल्या रांगेत असेन. या वेळी भिंतीकडे नव्हे, त्यांच्याकडे तोंड करून.