शालनबाईंच्या पुड्या

शालनबाई शिवशरण आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात परिचर आहेत. मी त्याच कॉलेजच्या कार्यालयाचा अधीक्षक, बिराजदार. येत्या मेअखेर निवृत्त होतोय, म्हणून आता मान्य करायला हरकत नाही: गेली सहा वर्षं मी या बाईंवर जळतो आहे.

त्यांचं माहेर उजनीच्या काठावरचं. आई, तानाबाई, बांधावरच्या रानभाज्या खुडून बाजारात विकायची. भाजीत चुकून आलेलं गवत वेगळं काढायचं काम लहानग्या शालनकडे. दहावीनंतर लग्न होऊन सोलापुरात आल्या आणि अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायला लागल्या. नवरा आमच्याकडे शिपाई होता. तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर यांना घेतलं. त्यांच्या नेमणुकीचं टिपण मीच लिहिलं होतं.

विभागात वाळवलेल्या वनस्पतींचे दोन हजारांवर नमुने आहेत. प्रत्येक नमुना जाड कागदावर दोऱ्यानं टाचतात. हे काम शालनबाईंचं. टाका असा बारीक की दोरा दिसतच नाही. गळून पडलेलं फूल, बी, सालीचा तुकडा त्या फेकत नाहीत. कागदाची पुडी करून त्यात भरतात आणि नमुन्याच्या कोपऱ्यात चिकटवतात. मी एकदा म्हणालो होतो, “शालनबाई, किराणा दुकान काढताय काय?”

“व्हय साहेब. तुमाला काय देऊ? जिरं का मोहरी?”

पोरं हसली होती. मी हसलो नव्हतो.

मी एम.कॉम. झाडांचा नाद पन्नाशीनंतर लागला. भिंग घेतलं, पुस्तकं घेतली, रजिस्टर आखलं. पान, खोड, फूल, फळ असे रकाने. एक झाड ओळखायला मला दोन संध्याकाळी लागतात. बाई टेबल पुसता पुसता नाव सांगून जातात. मग ते नाव विभागप्रमुख जाहिदा मॅडम तपासतात आणि लेबलवर ‘ओळख’ या शब्दापुढे मॅडमचं नाव लागतं. माझं अक्षर बरं म्हणून सगळी लेबलं मी लिहितो. बाईंचं नाव कधीच कुठे लागलं नाही, हे त्यामुळे मला सगळ्यात आधी ठाऊक. सांगायला लाज वाटते, पण त्याचं मला बरंच वाटायचं.

माझी इच्छा एकच होती. जाण्याआधी एका तरी नमुन्यावर दोन्ही ओळींत माझं नाव हवं: गोळा करणारा मी, ओळखणाराही मी.

गेल्या सप्टेंबरात विभागाची सहल नैनितालला गेली, तिच्यासोबत मी होतो. ओढ्याकाठी कमरेएवढं एक झुडूप दिसलं. पानं हंसराज नेच्यासारखी, छोटी गोल, कडेला दाते. फुलांना पाकळ्या नाहीतच, नुसता तंतूंचा झुपका. थॅलिक्ट्रम! ही प्रजाती मी पुस्तकात पाहिलेली. यातल्याच एका जातीची पिवळी मुळी आमच्या शुक्रवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात ममीरा म्हणून मिळते. मी फांदी तोडली, वर्तमानपत्रांत दाबली, रोज कागद बदलले. सोलापुरात आल्यावर विभागातल्या टेबलावर शेवटचा कागद बदलताना चुरा फार पडला. तो झाडून फांदी स्वच्छ केली. पानं विभागातल्या ममीऱ्याशी ताडून पाहिली, हुबेहूब. रजिस्टरात, फांदीवर उरलं होतं तेवढंच लिहिलं: ममीरा. फूल, निरंक. फळ, निरंक.

चार दिवसांनी शालनबाई नमुना टाचत होत्या. मी लेबल घेऊन समोर उभा.

“साहेब, ह्यो ममीरा न्हाय.”

“कशावरून? पान बघा की.”

“पानावरून कुटं कळतंय? दोगांची पानं सारखीच. ममीऱ्याचे तीन नमुने मीच टाचलेत की. त्याच्या फुलातले तंतू केसासारखे, खाली लोंबतात. ह्याचे वरच्या अंगाला जाड हायत, गदेसारखे. आन् फळं? ममीऱ्याला एका फुलामागं दोन-चार. ह्याला लई, दहा-बारा तरी. परत्येकाच्या टोकाला आकडी.”

“माझ्या फांदीला फुलंही नाहीत आणि फळंही नाहीत.”

“होती की. तुमीच झाडून टाकली.”

त्यांनी खणातून पुडी काढली. वर माझ्या सहलीची तारीख. केराच्या सुपलीतून उचललेलं ते सगळं त्यांनी कागदावर पसरलं: जाडसर तंतू आणि एक अख्खा झुबका, शिरा असलेल्या फळांचा. मी भिंग लावलं. मोजली. अकरा. आकड्याही होत्या.

“तुमच्या रजिस्टरात काय लिवलंय मग?” त्यांनी डोकावून पाहिलं. “निरंक! वा साहेब, झाडाचीबी हजेरी घेतली की तुमी.”

जाहिदा मॅडमनी पुडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, दोन ग्रंथ चाळले. “थॅलिक्ट्रम जावानिकम,” त्या म्हणाल्या. “आपल्या संग्रहात नव्हती ही. बिराजदार, जाता जाता कॉलेजला नवीन जात देऊन चाललात!”

अभिनंदन माझं झालं, आणि मला ते गिळवेना. माझा ममीरा खरा ठरला असता तर तो चौथा नमुना, कुणी ढुंकून पाहिला नसता. नवी जात झाली ती पुडीमुळे.

मी लेबल लिहायला बसलो. गोळा करणारा, बिराजदार. पुढच्या ओळीवर पेन थांबलं.

“मॅडमचं लिवा की,” बाई दोरा तोडत म्हणाल्या. “नेहमीसारखं.”

मॅडमनी वर पाहिलं नाही. लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण ‘निरंक’ समोर उघडं पडलं होतं, माझ्याच अक्षरात. मी लिहिलं: ओळख, शालन शिवशरण.

बाईंनी लेबल हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, “साहेब, तारीख राहिली.”

तारीख टाकली. नमुना कपाटात गेला. अधूनमधून मी तो काढून बघतो. वर माझं नाव, खाली त्यांचं. आणि मला माहीत आहे, जाणकार माणूस आधी खालचंच नाव वाचतो.