अक्काचं खारं पाणी

अक्का गेल्याचा फोन कल्याणच्या दवाखान्यातून आला तेव्हा मी तिच्या टाकीत तांब्याभर पाणी घालत होते. रोज सकाळचं हे काम तिचं. ती दवाखान्यात होती म्हणून माझ्याकडे आलेलं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. लोकांसमोर मी तिला ‘तुम्ही’ म्हणायचे, स्वयंपाकघरात ‘तू’. दुपारपर्यंत सापगावचं आमचं घर माणसांनी भरलं. तिला नेलं, आणि मागे राहिलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे घरातलं भरलेलं पाणी ओतायला घेतलं... हंडे, कळशा, माठ, न्हाणीतली बादली. सासूबाईंची धाकटी बहीण, आम्ही सगळे तिला मावशीच म्हणतो, ती सगळ्यांच्या पुढे. फिरत फिरत ती पुढच्या खोलीत आली, काचेच्या टाकीसमोर थांबली आणि म्हणाली, “ह्ये पन पानी वता गो. सुतकाचं पानी घरात ठेवू नका.” मी टाकीला पाठ लावून उभी राहिले.

त्या पाण्यात काय होतं ते सांगायला हवं. अक्का शहापूरच्या एका खानावळीला भाकऱ्या आणि कालवण करून द्यायची. तिच्या हाताला चव होती, आणि ती तिला माहीत होती. मग मूत्रपिंडं थकली, कल्याणला डायलिसिससाठी फेऱ्या सुरू झाल्या, आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. त्याच दवाखान्यात बसायच्या जागी समुद्राच्या पाण्याची एक टाकी होती. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे, दिवा लागला की फुलासारखं उघडणारं मऊ प्रवाळ. बाकीचे पेशंट भिंतीवरच्या टीव्हीकडे बघायचे, ही टाकीकडे. एक दिवस घरी आली ती मिठाची गोणी घेऊनच. मी ओरडले, “अक्का, डॉक्टरांनी काय सांगितलंय?” ती म्हणाली, “खायचं नाय म्हनलेत. ठेवायचं नाय असं कुठं म्हनलेत?”

पैसा नव्हताच, म्हणून सगळं जमवाजमवीचं. बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानाच्या काचा आणल्या आणि फोटोफ्रेमवाल्याकडून चिकटवून घेतल्या. पहिल्या दिवशी टाकी गळली, खोलीभर पाणी. खडक विकत घेणं परवडेना, तर सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा कालवून तिने मागच्या अंगणात खडकाचे गोळे थापले आणि सिमेंटचा उग्रपणा जाईपर्यंत पिंपात भिजवत ठेवले, रोज पाणी बदलून. पाणी पागोळ्यांचं, पावसाळ्यात धरून ठेवलेलं. वीज गेली की हवेचा पंप मोठ्या दिरांच्या, म्हणजे अक्काच्या नवऱ्याच्या, रिक्षाच्या जुन्या बॅटरीवर चालायचा.

आणि मीठ मोजायचं कसं? तर आयुष्यभर जसं मोजलं तसंच, जिभेने. फक्त तिला चाखायची बंदी, म्हणून जीभ माझी. ती पाणी ढवळायची, मी बोट बुडवून चाखायचे. “आमटीपेक्षा खारट, लोणच्यापेक्षा कमी,” मी सांगायचे, आणि ती समाधानाने मान हलवायची. मीठ तरी कोणतं, वाण्याकडचं जाडं! दोन मासे आणले, ते दुसऱ्याच दिवशी तळाला आडवे. गावात हसं झालं. मी म्हटलं, सोड आता. तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मी भाकरी करपवली. मग समुद्राच्या टाकीसाठीचं वेगळं मीठ असतं ते तिने शोधलं, खारेपणा मोजायचं काचेचं मीटर आणलं, आणि मासे न सोडता नुसतं पाणी कित्येक आठवडे चालू ठेवलं. मी घाई केली की म्हणायची, “लोनचं मुरायला टाईम देतेस ना? मग पान्याला का नाय?”

मावशी तेव्हाही बोलायची. उन्हाळ्यात वरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात आणि हिला मासे सुचतात, वगैरे. एकदा अक्काने तोंडावर सांगितलं, “आमच्या धरनांचं पानी मुंबईला जातं तवा कोन काय बोलत नाय. मी पावसाचं घरात ठेवलं तर सगल्यांच्या पोटात दुखतं!” आणि कुणी “आता आजारपणात कशाला ही हौस” म्हटलं की, “मग कधी? मेल्यावर?”

पाणी अखेर मुरलं. मासे जगले. मग मऊ जातीचं प्रवाळ आलं, शर्टाच्या बटणांएवढं. खडकासारखं कडक प्रवाळ कायद्याने बंद आहे, आणि तिला तेच मऊ हवं होतं. पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा डायलिसिसहून थकून आलेली अक्का जेवण विसरून स्टुलावर बसून राहिली. मीही बसले. त्या दिवशी मला ती फार फार आवडली होती.

तर, ते पाणी बायका ओतायचं म्हणत होत्या. ओतलं असतं तर तासाभरात टाकीतलं सगळं मेलं असतं, अक्काच्या पाठोपाठ, तिच्याच घरात, आमच्याच हातांनी. मी म्हटलं, “मावशी, कोळीवाड्यात माणूस गेलं तर समुद्र ओतून टाकतात का?” मावशी हात पुढे करून आली, मी हलले नाही. तिने सासूबाईंना हाक मारली, तरी हलले नाही. तेवढ्यात मोठे दीर स्मशानातून परत आले, अंगावर ओले कपडे. माझ्याशी ते थेट कधी बोलत नाहीत. दारातूनच, कुणाकडेच न बघता त्यांनी विचारलं, “पंप चालू हाय ना?”

मी म्हटलं, “चालू आहे.” मावशीने रिकामी कळशी खाली ठेवली.

ती अजून आमच्या घरचं पाणी पीत नाही. न पिऊ दे. तेराव्याला कुणीतरी अक्काला ‘बिचारी’ म्हणालं, तेव्हा मी पंगतीतून उठून गेले. बिचारी माणसं अंगणात सिमेंटचे खडक थापत नाहीत.

सकाळी टाकीचा दिवा लावते, प्रवाळाची बटणं उघडतात. रात्रभरात उडालेल्या पाण्याच्या जागी तांब्याभर पागोळ्यांचं पाणी घालते. मीठ नाही घालायचं, ते उडत नाही, हे तिनेच शिकवलं. मीटर बुडवून बघते, काटेकोर, तिने दाखवलं तसं. आणि मग, मीटर खुंटीला लावून झाल्यावर, बोट बुडवून चाखते. आमटीपेक्षा खारट, लोणच्यापेक्षा कमी. मोठ्याने सांगते, रिकाम्या स्टुलाला ऐकू जाईल असं. मला अजून कुणी मीठ बंद केलेलं नाही.