काउंटरवरची खुर्ची

थेट विचारते, सध्या तुम्ही कोणावर जळताय? 'छे, मी कोणावरच नाही' म्हणणाऱ्यांनी पुढं वाचू नये. तुमच्याच्यानं गोष्ट लिहून व्हायची नाही, आणि आमच्या थोरलीची तर तुम्हाला कळायचीही नाही.

थोरली म्हणजे लाँड्रीवाल्यांची मोठी सून. दुकान सासऱ्यांचं. पुढं काउंटर, मागं कपडे धुण्याची यंत्रं आणि वाफेच्या इस्त्रीचं टेबल. लग्न झाल्यापासून काउंटरवरच्या उंच खुर्चीवर तीच बसायची. मग धाकटी सून आली. गोड बोलणारी, हसरी. पावती हरवलेलं गिऱ्हाईकसुद्धा तिच्याशी दोन शब्द बोलून खूश होऊन जायचं. एका सकाळी सासरे म्हणाले, "थोरले, तुझा हात इस्त्रीवर छान बसलाय. पुढं धाकटीला बसू दे." तेव्हापासून थोरली मागं. टांगलेल्या कोटांच्या फटीतून ती खुर्ची दिसते, हे वर.

आमच्या कामगार संघटनेच्या खोलीत दर रविवारी आम्ही बायका स्वतः लिहिलेल्या गोष्टी वाचतो, थोरलीही येते. मी शाळा अर्ध्यात सोडलेली. गोष्ट कशी रचायची हे मला कुण्या प्राध्यापकानं नाही, मालकांशी घातलेल्या वादांनी शिकवलं. समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडता आलं नाही, तर तो तुम्हाला गुंडाळून खिशात घालतो. म्हणून आमचा नियम असा, की गोष्ट संपली की हात वर करून मत द्यायचं, कोणाचं बरोबर? सगळे हात एकाच बाजूला गेले तर कागद परत. ती गोष्ट नव्हे, तक्रार अर्ज.

थोरलीनं पहिल्यांदा वाचलं त्यात एक कपटी जाऊ होती आणि एक साधीभोळी. कपटीनं सासऱ्यांचे कान भरले, साधीभोळी वाफेत उकडली. सगळे हात साधीभोळीला. थोरलीचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. मी कागद परत केला.

"का पण, ताई? जिंकले ना मी?"

"कोणाशी लढून? हातपाय बांधून आणलंस तिला. तिला खुर्ची कशाला हवी?"

"मिरवायला."

"हे तू म्हणतेस. ती काय म्हणेल?"

"आता तिला जाऊन विचारू? त्यापेक्षा इस्त्री गालाला लावून घेईन."

"नको विचारू. पण लिही."

कागद हिसकावून गेली. 'स्वतःला फार शहाण्या समजतात,' हे मला नीट ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली.

धाकटीच्या मनातलं तिला कुठून कळणार? तिनं सोपा मार्ग काढला. तिला स्वतःला ती खुर्ची का हवी होती, तेच उचलून धाकटीच्या तोंडी घातलं. घरात आपण कोणाची सून, कोणाची बायको, कोणाची आई. पण तिथं बसलं की दार ढकलून येणारं माणूस आधी आपल्या तोंडाकडे बघतं. "दिवसातून तेवढाच वेळ मी आहे असं वाटतं," गोष्टीतली धाकटी म्हणते, खुर्ची घट्ट धरून.

हे वाचायचं त्या रविवारी सासूबाईंनी सोबतीला म्हणून खऱ्या धाकटीलाच पाठवलेलं. ती पुढं बसली, आणि आजूबाजूच्या बायकांशी हां हां म्हणता मैत्री केली. वाचन संपलं. हात वर झाले ते धाकटीसाठी, भराभर. थोरलीच्या बाजूनं एकच हात. खुद्द धाकटीचा.

"जाऊबाई," ती डोळे पुसत म्हणाली, "माझ्या मनातलं तुम्हाला हो कसं कळलं?"

बायका पांगल्यावर थोरली माझ्यासमोर येऊन उभी. "बघितलंत? खुर्ची घेतली, गिऱ्हाइकं घेतली, आता मनातलंही माझं राहिलं नाही. आणि एक मत पडलं तेही तिनं टाकलेलं. शेवटच बदलते. तिच्या हातून एक भारी कोट जाळते, मग बघू कोण हात वर करतं."

"तिला धक्का लावलास की गोष्ट मेली. ती मस्त उभी आहे. तूच आडवी पडलीयेस. सगळं तिला देऊन टाकलंस, स्वतःला काय ठेवलंस?"

"काय राहिलंय?"

"मग आता तुला खुर्ची कशाला हवी?"

वाटलं, आता ही माझ्यावर भडकणार. पण ती दाराकडे बघून, कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून म्हणाली, "ती बसलीय म्हणून. ती उठून गेली ना, तर ती खुर्ची मला कोणी घरपोच दिली तरी नको."

"हे लिही."

"लोक थुंकतील तोंडावर."

"थुंकू देत. पण आपलीच चोरी पकडल्यासारखा त्यांना घाम फुटेल."

तिनं लिहिलंय. मी वाचलंय. वाचताना मला आमच्याच संघटनेतली एक बाई आठवत राहिली, सभेत जिला माझ्याआधी माईक मिळतो. ते असो.

येत्या रविवारी थोरली तिसऱ्यांदा वाचणार आहे. अर्धी खोली मागत नाही ती. धाकटीखेरीज कोणाचा तरी एक हात तिला हवाय, आणि तोही दयेचा नको. तसला ती लांबूनच ओळखते. तेव्हा या, नीट ऐका, तिचं पटलं तरच हात वर करा. आणि कृपा करून धाकटीच्या शेजारी बसू नका.