सहा महिन्यांची ओळख

शिष्यवृत्तीचा चेक हातात आला तेव्हा मी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर नाचायचंच बाकी ठेवलं होतं. तेवढ्यात कॉलेजातला कारकून म्हणाला, "हुरळू नको. ह्याच्यावर आडव्या रेघा आहेत. बँकेत स्वतःचं खातं असल्याबिगर पैसे मिळत न्हाईत." खातं! वाटूरला आमच्या वस्तीत पोस्टाचं पुस्तकसुद्धा कुणाकडं न्हवतं. इकडं वसतिगृहाच्या बाईंनी महिनाअखेरची मुदत दिल्ती. पैसे भरले न्हाई तर ट्रंक उचलायची अन् गावी जायचं, आणि गावी मामा स्थळ बघून तयारच होता. मी ठरवलं, खातं उघडल्याशिवाय जालना सोडायचं न्हाई. बघू कोण काढतं ते.

जुन्या जालन्यातल्या बँकेत गेले. शाळा सोडल्याचा दाखला, कॉलेजचं बोनाफाईड, जातीचा दाखला, सगळं टेबलावर मांडलं. मॅनेजरनं कागदांना हातही लावला न्हाई. फॉर्मच्या तळाशी बोट ठेवून म्हणाला, "इथं आमच्या एखाद्या खातेदाराची सही आणा. सहा महिन्यांपासून तुम्हाला ओळखतो म्हणून."

"पण मी कोण ते ह्या कागदांवर लिहिलंय की साहेब!"

"कागद कुणाचेही असतात, बाई. ओळखणारा माणूस आणा."

घ्या आता! मला ओळखणारी सगळी माणसं वाटूरला, आणि खातेदार सगळे जालन्यात. कॉलेजातल्या एका सरांना धरलं. त्यांनी पेन काढलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात घर कोणत्या बाजूला ते विचारलं. मी सांगितलं. पेनाला टोपण लागलं. "बघू नंतर," म्हणाले. मला कळायचं ते कळलं.

राहिले एक चाचा. बँकेच्या मागच्या गल्लीत त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. व्यापाऱ्यांच्या वह्या त्यांच्याकडंच बांधायला यायच्या, म्हणून बँकेत त्यांचं खातं होतं. माझी जुनी, पानं निसटलेली पुस्तकं त्यांनीच शिवून दिल्ती. मी फॉर्म पुढं केला आणि ती ओळ वाचून दाखवली. चाचांनी खळीनं चिकट झालेल्या बोटांवर हिशेब केला.

"बेटी, तू पहिल्यांदा आली तवा पोळा व्हायचा होता. तीन महिने झाले. छे कहाँ हुए?"

"तीन काय अन् सहा काय, चाचा! कोण बसलंय मोजायला?"

"मैं बैठा हूँ ना. झूठ लिखके सही करूँ? ना बेटी."

तळपायाची आग मस्तकात गेली. एकाला माझी जात आडवी आली, ह्यांना तीन महिने आडवे येऊन राह्यले! मी दारातूनच ओरडले, "मंग जा ना वाटूरला! मी कोण, कुणाची, साऱ्या गावाला इचारून या!" आणि तणतणत निघून आले. शिवायला टाकलेलं पुस्तकही घेतलं न्हाई.

दोन दिवस वसतिगृहात नुसती धुसफुसत होते. पण मुदत काही माझ्या रागासाठी थांबणार न्हवती. शनिवारी सकाळी उठले आणि ठरवलं, पाया पडावं लागलं तरी चालेल, सही घेऊनच उठायचं. दुकानापाशी गेले तर चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून बाहेरच उभे.

"चल जल्दी. आज बँक अर्धा दिवसच आहे."

मी वाटेत दोनदा विचारलं, तर ते आणखीच भराभर चालायला लागले. बँकेत त्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला, 'सहा महिन्यांपासून' हे शब्द खोडले आणि खाली उर्दूत सावकाश काहीतरी लिहून सही केली. मॅनेजर उखडलाच.

"हे काय खोडलं?"

"वो सच नहीं था, साब."

"आणि हे काय लिहिलंय?"

एका वयस्कर कारकुनाची शाळा निजामाच्या वेळची, उर्दूतली. त्यानं चष्मा लावला आणि आमच्यासाठी मराठीत सांगितलं: "ह्या मुलीला तीन महिन्यांपासून ओळखतो. काल जुम्म्याला दुकान बंद ठेवून वाटूरला हिच्या घरी गेलो. आईबापांशी बोललो. त्यांच्या घरी जेवलो. ही त्यांचीच मुलगी आहे."

मी चाचांकडं बघतच राहिले. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं झालं.

मॅनेजर पुटपुटला, "पण नियमात सहा महिने आहेत..."

"साब," चाचा म्हणाले, "छे महिने लिहिणारांत कोणी कोणाच्या घरी गेला का, तेवढं विचारा. मंग मी कागद परत नेतो."

मॅनेजरनं फॉर्म पुढं ओढला. सही केली, शिक्का मारला. चेक वटला, ट्रंक जागची हलली न्हाई, आणि मामाचं स्थळ दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी गेलं.

पुढं गावी गेले तेव्हा आईनं सांगितलं, "आल्ते बाई तुझे चाचा. पाणी मागितलं. मी भीत भीत म्हणलं, आमच्या घरचं चालंल का? तर म्हणले, भूक बी लागली, भाकर पण आण."

जन्मल्यापासून मी आमच्या वस्तीबाहेरचा माणूस आमच्या ताटात जेवताना पाहिला न्हवता. पहिला जेवला, तेव्हा मी जालन्यात बसून त्याच्या नावानं बोटं मोडत होते.