पहिलीच्या वर्गातले काका

बोलायच्या आधी ते खांद्यावरच्या टॉवेलचं टोक तोंडावर धरायचे. मग टॉवेलच्या आडून आवाज यायचा, "लाज वाटती बाई, पर..."

या 'पर'ला आमची अख्खी शाळा घाबरून असायची. त्याच्या पुढे काहीतरी मागणं ठरलेलं, आणि ते स्वतःसाठी कधीच नसायचं. "लाज वाटती बाई, पर ह्या दोघांला पाटी न्हाई." "लाज वाटती बाई, पर ह्याला पुढं बसवा, ह्याला फळ्यावरचं दिसत न्हाई." मागून झालं की टॉवेल खाली यायचा आणि ओशाळं हसू दिसायचं. अशा माणसाला नाही म्हणणं फार अवघड असतं. तुम्ही कधी म्हणून बघा.

संगमनेरपासून जवळच, प्रवरेच्या काठाला आमचं गाव. गावाच्या टोकाला एका संस्थेचं छोटं बालगृह होतं. ज्यांना घर नाही, किंवा घर आहे पण त्यात त्यांचं कोणी नाही, अशी पोरं तिथं यायची. काका आणि काकू तिथंच राहायचे. काकू स्वयंपाक करायच्या आणि बाकीचं सगळं काका. पाणी भरायचं, पोरींच्या वेण्या घालायच्या, दवाखान्यात न्यायचं, आणि जून उजाडला की नवीन आलेल्यांची नावं शाळेत घालायची. मी पहिलीची बाई, त्यामुळे आमची गाठ दर जूनला पडायचीच.

मी तशी तोंडाने फटकळ. काका आले की मला चेव यायचा. त्यांना चहा दिला की ते खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून प्यायचे. मी म्हणायचे, "काका, चहा तुम्ही पिताय की भिंतीला पाजताय?"

"तसं न्हाई बाई. तुमच्यासमूर कसा पिऊ? आवाज हुतो."

आवाज तर इतका व्हायचा की शेजारच्या वर्गातली पोरं पाढे विसरायची!

पालकसभेत तर बघायलाच नको. एकेका पोराची तक्रार वाचली जायची आणि मागच्या रांगेतून काका उठायचे. "काच कोणी फोडली?" "आमच्यानंच." "आणि हा रोज उशिरा येणारा?" "त्योबी आमचाच." एकदा गावातल्याच एका बागायतदाराच्या पोराची तक्रार निघाली. बाप खाली मान घालून तसाच बसून राहिला. सगळं चिडीचूप झालं, आणि सवयीने काका उठले, "त्योबी..." पुढे त्यांचं त्यांनाच कळलं. सभा हसून हसून बेजार झाली, तो बापसुद्धा हसला. काका मात्र टॉवेलमध्ये तोंड खुपसून कितीतरी वेळ बसले होते.

मग एकदा तिसरीच्या बाईंनी पोरांना प्रकल्प दिला. कुटुंबाचं झाड काढा, फांद्यांवर सगळ्यांचे फोटो चिकटवा. आमच्या प्रशिक्षणात हे शिकवलेलं, आम्हाला काय, आम्ही देऊन मोकळ्या. दुसऱ्या दिवशी काका दारात. "लाज वाटती बाई, पर आमच्या पोरांनी झाडावर कुनाला टांगायचं?"

तिसरीच्या बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "काका, तुमचाच फोटो लावा ना."

काका कानापर्यंत लाल झाले. फोटो म्हटलं की त्यांना धडकीच भरायची. गावच्या कुठल्याही कार्यक्रमात मोबाईल वर झाला की हे खांबाआड. आधार कार्डावर एक फोटो होता, पण तो काकांचा आहे हे काकूंनाही पटत नव्हतं. शेवटी पोरांनी त्यांचं चित्र काढून चिकटवलं. बालगृहातल्या प्रत्येक पोराच्या झाडावर एकच माणूस, आणि सगळ्या चित्रांत त्याच्या तोंडावर टॉवेल. आम्ही ती झाडं भिंतीवर लावली होती.

आणि मग कोमल आली.

साखर कारखान्याच्या मागे ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. पाचट-बांबूची खोपटी ती, हंगाम संपला की मोडायची. त्या वर्षी कोप्या उठल्या, ट्रक गेले आणि ही पोर तिथंच राहिली. आई हंगामातच गेली होती. बाप कुठल्या ट्रकमध्ये बसला, का बसला, ते आम्हाला कधीच कळलं नाही. दहा-अकराची असेल, पण अंगाने उंच. तालुक्यातल्या दुसऱ्या एका ठिकाणी तिला आधी ठेवलं होतं. तिथल्या शाळेने तिला पहिलीत बसवलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती पळाली. सापडली कोल्हारच्या स्टँडवर, एका टेम्पोत बसायच्या बेतात. मग तिला आमच्या गावी आणलं.

काका तिला घेऊन आले तेव्हा टॉवेल धरायलाही विसरले होते. "सर, हिला पाचवीत बसवा. पहिलीत बसवली की ही पळतीच. कोल्हारला घावली म्हनून बरं. उद्या कुटल्या गाडीत बसली तर आमी कुटं हुडकायची?"

आमचे मुख्याध्यापक सर माणूस वाईट नव्हते, पण कागदाशिवाय त्यांना घास गिळत नसे. म्हणाले, "जन्माचा दाखला नाही, आधार नाही, अक्षर येत नाही. पाचवीत कसं घालू? आत्ता पहिलीत बसू द्या. पुढचं पुढे बघू."

आता गंमत बघा. कागद नाहीत म्हणून पोराला अडवायचं नाही, वय बघून त्या वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं वेगळा वेळ काढून शिकवायचं, हा कायदा सरांना माहीत होता. मला माहीत होता. आमच्या सगळ्यांचं त्यावर प्रशिक्षण झालं होतं, त्यात जेवणही चांगलं होतं. पण तपासणी तोंडावर आलेली, पाचवीची प्रगती खाली दिसेल ही भीती. मी सरांना एकदा म्हटलं. ते "बघू" म्हणाले आणि मी वर्गावर गेले. माझं फटकळ तोंड नको तिथे बरं चालतं!

कोमल माझ्या वर्गात बसली. पहिलीची पोरं ती, त्यांना काय कळतंय? एकाने उठून विचारलं, "बाई, ह्या नवीन बाई आहेत का?" वर्ग खिदळला. कोमल सतरंजीच्या शेवटच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसली, गुडघे उराशी घेऊन, जितकं लहान होता येईल तितकं होऊन. मधल्या सुट्टीत ती खिचडीला आली नाही. फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. काका तिच्यावर नजर टाकायला आले होते, त्यांनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, पोरं वर्गात आली आणि त्यांच्यामागे काका आले. चप्पल दाराशी काढली, सरळ आत आले आणि कोमलच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले.

"काका, काही काम होतं का?"

"न्हाई. बसतो."

"कुठे?"

टॉवेल तोंडावर गेला. "हितंच. लाज वाटती बाई, पर आता वर्गात मोठा मी हाय. तिच्याकडं कोन बघतंय?"

आणि खरंच, तिच्याकडे कोणी बघेना. पोरांना केवढा आनंद झाला! मिशीवाला विद्यार्थी! "काका, तुम्हाला अ येतो का?" "काका, सूला जायचं तर करंगळी दाखवा हां." बडबडगीत आलं तेव्हा पोरांनी त्यांना उभं केलं, आणि जो माणूस चारचौघांत चहा पिऊ शकत नव्हता त्याने बेडकासारख्या उड्या मारल्या. एका हाताने टॉवेल धरून. कोमलने गुडघ्यातून डोकं वर काढून बघितलं.

मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "काका, कशाला हे? तुम्हाला त्रास."

"मला सवं हाय बाई," ते म्हणाले. "मी पाथर्डीकडचा. आईबाप तोडीला निघालं की मीबी संगं. परत आलो की मास्तर पुन्यांदा पहिलीतच बसवायचं. माझ्या मागची पोरं चौथीला गेली तरी मी हितंच. मग एक दिवस गेलोच न्हाई." एवढं बोलून ते उठले आणि पोरांची ताटं धुवायला गेले. मी उगाच फळा पुसत राहिले.

ते रोज येऊ लागले. एका दुपारी कोमल त्यांना म्हणाली, "काका, पेन्शील अशी न्हाई धरायची." ते तिचं वर्गातलं पहिलं वाक्य. काकांनी पेन्सिल मुद्दाम पुन्हा उलटी धरली असावी, असा माझा संशय आहे.

त्याच दुपारी सातवीच्या गुरुजींनी खिडकीतून फोटो काढला. वाईट हेतू नव्हता, टवाळी होती. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमचा नवा प्रवेश.' भराभर हसरे चेहरे पडले. तिथून तो कोणाच्या घरी गेला, तिथून गावात. संध्याकाळी दूध आणायला गेलेल्या काकांना डेअरीवर लोक विचारत होते, "काय काका, दप्तर घेतलं का?"

सकाळी ते ऑफिसात आले. आम्ही सगळे बसलो होतो, गुरुजीही होते. टॉवेल तोंडावर.

"लाज वाटती सर, पर त्यो फोटू..."

सर घाईघाईने म्हणाले, "काढून टाकायला सांगतो, काका. लगेच."

"न्हाई न्हाई, माझा राहू द्या. लोकं हसत्यात, हसू द्या. पर त्यात कडंला पोरगी दिसती. तेवढी कापा."

गुरुजींनी मोबाईल काढला. दोनदा भलतीकडेच कापलं गेलं. शेवटी म्हणाले, "काका, ती निघाली. पण तिच्या रिबिनीचं टोक राहतंय. ते काढलं तर तुमचा कान जातो."

"ऱ्हाऊ द्या मग. रिबिनीवरून कोन वळखतंय?" असं म्हणून काका गेले. कुठे गेले असतील? माझ्या वर्गात जाऊन सतरंजीवर बसले.

सर उठले. माझ्या वर्गात गेले, कोमलला हाक मारली, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं आणि तिला पाचवीत नेऊन बसवलं. परत आले ते खिडकीबाहेर बघत बसले. आमच्यापैकी कुणालाही बरं वाटलं नाही, आनंदही झाला नाही. नुसती लाज वाटली. जे पहिल्या दिवशी हक्काने व्हायचं होतं, त्यासाठी एका माणसाला आमच्यासमोर बेडूकउड्या माराव्या लागल्या होत्या. अजून आठवलं की माझी मान खाली जाते.

मी वर्गात गेले तर काका एकटेच शेवटच्या टोकाला बसलेले, शेजारची जागा रिकामी. मला बघून म्हणाले, "आता उठू का बाई?"

"उठा काका," मी म्हटलं.

कोमल पळाली नाही. शाळा सुटल्यावर मी तिला तासभर घेऊन बसायचे. अक्षरं तिने झपाट्याने उचलली, गणितात मात्र मला रडवलं. आता ती हायस्कूलला नववीत आहे.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. छातीत कफ झाला, दवाखान्यात चला म्हटलं तर डॉक्टरसमोर शर्ट काढायची लाज. काकू रडत रडत तेच सांगत होत्या, आणि रडता रडता त्यांना हसू येत होतं.

गावाने श्रद्धांजलीचा बोर्ड करायचं ठरवलं, तेव्हा फोटो सापडेना. आधार कार्डावरचा नको, असं काकूच म्हणाल्या. मग सातवीच्या गुरुजींनी मोबाईल पुढे केला. तो कापलेला फोटो त्यांनी जपून ठेवला होता. बोर्ड त्यांनीच करून आणला, कोणाला एक पैसा देऊ दिला नाही.

एसटीच्या थांब्यावर तो बोर्ड लागला. एवढे मोठे काका, खाली गेलेली नजर, तोंडावर टॉवेल. आणि कडेला, कानाजवळ, लाल रिबिनीचं टोक. बोर्डवाला ते पुसून देतो म्हणत होता, गुरुजींनी पुसू दिलं नाही.

सगळा गाव जमला होता. कोमल हायस्कूलच्या गणवेशात बालगृहातल्या धाकट्यांना घेऊन आली होती. ती बोर्डापुढे बराच वेळ उभी राहिली. मी तिच्या मागे उभी होते. पुढे व्हायची मला हिंमत झाली नाही.

धाकट्यांतल्या एकाने विचारलं, "ताई, हे लाल काय हाय?"

कोमलने हात उंच करून त्या टोकावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही मी हाय. आमी दोघं एका वर्गात हुतो."

सर तिथंच होते, गुरुजी होते, मी होते. आमच्या कोणाकडे टॉवेल नव्हता. मी पदराचं टोक तोंडावर धरलं.