लेथच्या बेडवरचे दोन पट्टे

हावड्याहून बोईसरला येईपर्यंत माझ्या लेथला किती जणांनी भंगार म्हटलं याची मोजदाद मी ठेवली नाही. प्रत्येकाशी भांडलो एवढं मात्र नक्की. मला राग पटकन येतो. आमच्या घरात तो वडिलांकडून आलाय असं म्हणतात, पण वडील रागावले की जाळं विणायला बसायचे आणि मी तोंड उघडतो.

आमचं घर घिवलीचं, मासेमारीचं. वडिलांच्या मागे होडी थोरल्या भावाकडे, दादाकडे गेली आणि मी तारापूरच्या कारखान्यांत टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा कारागीर, झालो. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तोवर किनाऱ्यावरच्या बहुतेक होड्यांना इंजिन बसलं होतं. पण शाफ्ट, म्हणजे होडीचा पंखा फिरवणारा लांब लोखंडी दांडा, झिजला की तो ट्रकवर टाकून मुंबईला न्यावा लागे, कारण एवढा लांब शाफ्ट धरणारं लेथ जवळपास कुणाकडे नव्हतं. तिकडचे वर्कशॉपवाले आमच्या माणसांना दारात उभं करून ‘परवा या’ म्हणायचे. परवा गेलं की पुन्हा परवा. ते ऐकून दरवेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. शेवटी मी नोकरी सोडली, बोईसर-तारापूर रस्त्याला लागून आत शेतात एक शेड घेतली आणि लांब बेडचं लेथ शोधायला लागलो.

त्याच पावसाळ्यात दादाच्या होडीचा शाफ्ट झिजलेला निघाला. मी त्याला सांगितलं, “मुंबईला पाठवू नकोस. नारळी पौर्णिमेच्या आत मी करून देतो.” पौर्णिमेला नारळ सोडला की होड्या पाण्यात जातात, त्या दिवशी जी होडी वाळूवर राहते तिच्या घरात कुणी धड जेवत नाही. “तू सांगतोस ना? मंग थांबतो मी,” दादा म्हणाला.

लेथ मिळालं हावड्याच्या एका बंद पडलेल्या गिरणीत. विलायती, वडिलांपेक्षा वयाने मोठं, चार टन वजनाचं. गिरणीच्या कारकुनाने कागदावर लिहिलं, ‘भंगार’. मी म्हटलं, ‘जुनं यंत्र’ लिहा. तो म्हणाला, एकच आहे. एकच कसं असेल? अर्धा दिवस मी त्याच्या टेबलासमोर उभा राहून त्याला तो शब्द खोडायला लावला.

त्या यंत्रावर उभं आयुष्य काढलेला एक म्हातारा मिस्त्री तिथे होता. गिरणी बंद झाली तरी तो रोज येऊन यंत्र पुसून जायचा. त्याने बेडवर, म्हणजे ज्या घोटीव लोखंडावरून लेथचा सगळा कारभार मागेपुढे सरकतो त्यावर, गंज चढू नये म्हणून बोटभर ग्रीस थापलं. लांब स्क्रूला गोणपाट गुंडाळलं. मग रंगाचा डबा आणून बेडच्या कडेला दोन ठिकाणी लाल पट्टे मारले. “रस्सी सिर्फ लाल पर बाँधेगा,” तो मला म्हणाला. “और कहीं नहीं. और ग्रीस घर जाके ही पोंछना.” ट्रक हलला तेव्हा तो पाठ फिरवून उभा होता. आख्ख्या प्रवासात ज्याच्याशी मी भांडलो नाही असा तो एकटाच.

बाकी सगळ्यांनी नाकी नऊ आणले. प्रत्येक राज्याच्या नाक्यावर एक साहेब ताडपत्री उचलून बघायचा आणि म्हणायचा, भंगार आहे, मग भंगाराचे कागद कुठेत? रायपूरच्या पुढे ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि आम्ही दोन दिवस रस्त्याकडेला बसलो. ड्रायव्हर म्हणायचा, “सेठ, ये कबाड़ के लिए इतना क्यों मरते हो?” मी त्याला सेठ म्हणू नकोस म्हणून ओरडायचो आणि कबाड म्हणू नकोस म्हणूनही ओरडायचो. पुढे पुढे तो मला बिडीसुद्धा विचारेना. मनोर आलं तेव्हा पौर्णिमेला आठ दिवस उरले होते. पालघरवरून बोईसर, आणि बोईसरच्या पुढे माझ्या शेडच्या कच्च्या वाटेवर ट्रक मागच्या चाकांपर्यंत चिखलात रुतला.

लेथ उतरवायचा शब्द क्रेनवाल्याने मी हावड्याला निघण्याआधीच दिला होता. मी त्याच्या ऑफिसात गेलो तर म्हणतो, क्रेन दुसऱ्या कामावर आहे, चार दिवसांनी बघू. माझं टाळकंच सटकलं. मी तिथून हललो नाही. दिवसभर त्याच्या दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर त्याचा उद्धार केला. तो आतून चहा मागवून पीत राहिला. क्रेन काही आली नाही.

संध्याकाळी शेडवर परतलो तर ट्रक गेला होता आणि लेथ आत होतं.

दादा आणि गावातली पंधरा-वीस माणसं चिखलाने माखून ओट्यावर बसली होती, हसत होती. होडी वाळूवर ओढायचे ओंडके, फळ्या, दोर, सगळं घेऊन आली होती. “आमी होडी वढतो, ही काय आमाला जड हाय?” एक जण म्हणाला. मी आत धावलो. बेडवरचं ग्रीस गायब होतं. बोटाने निपटून काढावं तसं साफ. उघडं लोखंड, त्यावर पावसाचं पाणी, आणि बेडभोवती समुद्रात भिजलेले दोर अजून बांधलेलेच.

होडी ओढताना फळ्यांना तेल फासायचं ही आमच्याकडची रीत. माशाचं नाहीतर इंजिनातलं जळकं, पण तेल हवंच. त्या दिवशी कुणाकडे तेल नव्हतं आणि यंत्रावर थापलेलं ग्रीस समोर दिसलं. ते कशासाठी असणार? ओढायला सोपं जावं म्हणूनच पाठवणाऱ्याने दिलं असणार! त्यांनी ते ओंजळीने काढलं आणि फळ्यांना चोळलं. यात वाकडं काय, हे त्यांना आजही कळणार नाही, आणि मी घिवलीचा नसतो तर मलाही त्यांचा हिशेब कळला नसता. पण त्या क्षणी मी काही कळून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतो. दहा-बारा दिवसांचे सगळे कारकून, नाके, क्रेनवाला, सगळे माझ्या डोक्यात होते आणि समोर दादा होता.

“अक्कल गहाण टाकून आलात का?” मी ओरडलो. “मासळीच्या पाटीखेरीज कधी काही उचललंय का तुम्ही? वाट लावलीत. भंगार केलंत माझ्या मशीनचं, भंगार!”

एकेक जण उठला. दादा शेवटी उठला. “दोर सोडाचा हाय अजून,” तो हळूच म्हणाला. “तू जागा दाखवशील तिकडं सरकवू म्हनून ठेवलाय.” मी म्हटलं, हात लावू नका, चालते व्हा. ते गेले. मी शटर ओढलं आणि बोईसरच्या घरी जाऊन दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलो. साधा कोरडा फडका मी त्या बेडवरून फिरवला नाही. याचा राग मला अजून येतो, आणि तो काढायला समोर माणूस नाही.

तिसऱ्या दिवशी शटर उघडलं. बेडवर तांबूस गंज चढला होता. दोर जिथे बांधलेले होते तिथे खारं पाणी लोखंडात उतरून दोन काळपट पट्टे पडले होते. रॉकेल, घासायचा तेलाचा दगड आणि फडके घेऊन मी दोन दिवस एकटा बसलो. गंज वरवरचा होता, निघाला. काळे पट्टे निघाले नाहीत, पण हाताला लागतही नव्हते. लेथ लेव्हलला घेतलं, चालू केलं, एक जुना शाफ्ट धरून पाहिला. केसाचाही फरक नाही. भंगार वगैरे काही झालं नव्हतं.

काळे पट्टे चोळता चोळता मी बेडच्या बाजूला पाहिलं आणि माझा हात थांबला. दोन्ही पट्टे बरोब्बर मिस्त्रीच्या लाल रंगावर होते. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. स्क्रूवरचं गोणपाट सुटलंसुद्धा नव्हतं. आणि लाल पट्ट्यांबद्दल मी कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

पौर्णिमेला दोन दिवस होते. दादाचा शाफ्ट आणायला मी घिवलीला गेलो. वहिनी अंगणात जाळ्याची फाटकी बाजू बघत होती. तिने मला बसही म्हटलं नाही. “हे मशीन बगाला गेले तवा डायवर पहारीनं ढकलून देत होता ती खाली,” ती म्हणाली. “ह्यांनी हात धरला त्याचा. मानसं आनली. पोरं कुटंपन दोर बांदत होती, हे वरडले त्यांच्यावर. म्हनले, लाल रंग उगाच कोन मारत नाय, तितंच बांदा.”

दादा होडीपाशी होता. होडी ओंडक्यांवर तशीच. मी म्हटलं, “दादा, लेथ चालू झालंय. शाफ्ट दे, उद्या संध्याकाळपर्यंत देतो.”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. “शाफ्ट मुंबयला गेला,” म्हणाला. “भंगार मशीनवर कशाला?”

एवढंच. त्याचा आवाज चढलासुद्धा नाही. चढला असता तर मला भांडता आलं असतं. मी माफी मागायला गेलो होतो आणि ती माझ्या तोंडून निघाली नाही. नाक्यानाक्यावर एवढा चाललेला तोंडाचा पट्टा नेमका तिथे बंद पडला. पौर्णिमेला सगळ्या होड्या पाण्यात गेल्या आणि दादाची वाळूवर राहिली. मुंबईवाल्याने त्याला ‘परवा या’ म्हणून तीन आठवडे फिरवलं.

पुढे माझं काम जोरात चाललं. एडवण गावापासून उत्तरेकडच्या सगळ्या किनाऱ्यावरचे शाफ्ट माझ्याकडे यायला लागले. नवीन कारागीर आला की बेडवरचे काळे पट्टे बघून म्हणतो, साहेब, एकदा घासून घेऊ या, चांगलं दिसेल. मी त्याच्या अंगावर जातो. त्याला बिचाऱ्याला कळत नाही काय चुकलं. दादा लग्नकार्याला घरी यायचा, जेवायचा, माझ्या मुलांना खांद्यावर घ्यायचा. होडी विकेपर्यंत त्याचा शाफ्ट मात्र मुंबईलाच जात राहिला.